जुने गाणे, नवा कंठ

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजारी आणि वयोवृद्ध श्रद्धावंतांच्या घरी पवित्र कम्युनियन घेऊन जाण्याचा परिपाठ पुण्यातील आमच्या धर्मग्रामात अनेक वर्षे चालत आला आहे. अशाच एका शुक्रवारी आम्ही एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी गेलो. पाय अधू झाल्यामुळे त्या दोन वर्षे घराबाहेर पडलेल्या नाहीत. दार लोटून आत शिरलो तेव्हा खोलीत गाणे चालू होते. उशीला टेकवून ठेवलेल्या मोबाइलच्या चिमुकल्या पडद्यावर राहुल देशपांडे एक जुने नाट्यपद गात होते. बाईंनी आम्हांला पाहिले, हात जोडले आणि हळूच म्हणाल्या, "फादर, क्षणभर बसा हं. एवढी सम येऊ द्या." आम्ही बसलो. सम आली. बाईंनी मोबाइल बंद केला, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "अगदी आजोबांसारखा गातो हो हा मुलगा! डोळे मिटले की वसंतरावच समोर बसलेत असं वाटतं."

प्रार्थना झाली, कम्युनियन दिले, चहा झाला. परतताना मात्र बाईंचे ते वाक्य आमच्याबरोबर रस्ताभर चालत राहिले. ‘अगदी आजोबांसारखा’ ही एखाद्या गायकाची स्तुती आहे काय? की नकळत केलेली उपेक्षा? जुने गाणे नव्या कंठातून ऐकताना आपण नेमके कोणाला दाद देत असतो: समोरच्या गायकाला, गेलेल्या गायकाला, की आपल्याच सरलेल्या तारुण्याला? या प्रश्नांचा थोडा शांतपणे विचार करावा म्हणून हा लेखनप्रपंच.

राहुल देशपांडे यांचा परिचय पुणेकरांना करून देण्याची गरज नाही. तरीही काही तपशील विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. त्यांचा जन्म १९७९ च्या ऑक्टोबरमधला. आजोबा डॉ. वसंतराव देशपांडे यांचे निधन ३० जुलै १९८३ रोजी झाले. म्हणजे आजोबा गेले तेव्हा नातू चार वर्षांचाही नव्हता. ज्या गळ्याशी लोक त्यांची सतत तुलना करतात, तो गळा त्यांनी समोर बसून घेतलेला नाही. तो त्यांना मिळाला मुख्यतः ध्वनिमुद्रणांतून, घरातल्या आठवणींतून आणि पुढे गुरूंकडे केलेल्या रियाजातून. आपण श्रोते जिथून वसंतरावांना ऐकत आलो, त्याच झऱ्यावर हा नातूही ओंजळ धरून उभा होता. ही गोष्ट लक्षात घेतली की ‘रक्तातच आहे’ असे म्हणून मोकळे होण्याची सोय उरत नाही.

‘कट्यार काळजात घुसली’ हे पुरुषोत्तम दारव्हेकरांचे नाटक १९६७ च्या डिसेंबरात रंगभूमीवर आले. संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचे आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव. हेच नाटक २०१० साली पुन्हा उभे राहिले तेव्हा खाँसाहेब झाले राहुल. २०१५ च्या चित्रपटातही खाँसाहेबांचे गाणे त्यांच्याच आवाजात आहे. पुढे ‘मी वसंतराव’ या चित्रपटात त्यांनी आजोबांची भूमिका केली, गाणी गायिली, संगीतही दिले आणि २०२० या वर्षाच्या चित्रपटांसाठी असलेला सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला. विशेष म्हणजे याआधी २०११ च्या चित्रपटांसाठी ‘बालगंधर्व’बद्दल आनंद भाटे यांना आणि २०१५ च्या चित्रपटांसाठी ‘कट्यार’बद्दल महेश काळे यांना हाच पुरस्कार लाभला होता. दहा वर्षांच्या अवधीत तीन वेळा हा मान मराठी संगीत रंगभूमीच्या छायेत वाढलेल्या गाण्याला मिळाला. जुने गाणे म्हणजे म्हाताऱ्यांचा विरंगुळा, असे म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

परंतु आमच्या शिक्षिकाबाई ज्या राहुल देशपांडे यांना रोज ऐकतात, ते नाटकातले नव्हेत, चित्रपटातलेही नव्हेत. ते मोबाइलमधले आहेत. इंटरनेटवर स्वतःच्या वाहिनीवरून हा गायक नाट्यपदे, अभंग, भावगीते, गझला आणि हिंदी चित्रपटांतील जुनी गाणी आपल्या पद्धतीने गातो. साथ मोजकी असते. तिकीट नसते, पडदा नसतो, मध्यंतर नसते. २०२० च्या टाळेबंदीत नाट्यगृहे ओस पडली आणि मैफली थांबल्या, तेव्हा असे गाणे अनेक घरांचा आधार झाले. आमच्या चर्चची दारेही त्या दिवसांत बंद होती आणि आम्हीदेखील रिकाम्या बाकांसमोर मोबाइलच्या भिंगाकडे पाहत मिस्सा अर्पण करीत होतो. त्यामुळे समोर कोणीही नसताना कोणासाठी तरी गाणे म्हणजे काय, याची थोडी कल्पना आम्हांला आहे. दाद येत नाही, मान डोलत नाही, उसासा ऐकू येत नाही. तरीही विश्वासाने सूर लावावा लागतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दुसऱ्याने गाजविलेले गाणे पुन्हा गाणे ही कला आहे की नुसती उसनवारी?

आपल्या संगीताचा इतिहास पाहिला तर ‘उसने’ घेण्याची लाज आपल्याला कधीच वाटलेली दिसत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी याच पुण्यात रंगभूमीवर आले. त्या काळच्या नाटकांची छापील पुस्तके उघडून पाहा. पदाच्या डोक्यावर प्रामाणिकपणे ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच कोणत्या तरी गाण्याचे नाव दिलेले असते. कीर्तनातली चाल, लावणीची चाल, कर्नाटकातून आलेली चाल, पुढे ठुमरीची चाल. घेतले ते उघडपणे घेतले, कोठून घेतले ते सांगून घेतले. आपल्या ख्रिस्ती परंपरेतही याहून वेगळे काय घडले? फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’साठी या मातीतली ओवी घेतली. आशय नवा होता, छंद जुना होता, आणि म्हणूनच तो लोकांच्या ओठांवर रुजला.

दुसरे उदाहरण तर पुण्याच्या घराघरांतले आहे. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते आणि सुधीर फडके यांचे संगीत असलेले ‘गीतरामायण’ १९५५-५६ या वर्षात पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झाले. त्या वेळी ही गीते अनेक गायकांनी गायिली होती. माणिक वर्मा होत्या, लता मंगेशकर होत्या, स्वतः वसंतराव देशपांडेही होते. पुढे बाबूजींनी सारे गीतरामायण एकट्याने गावोगावी गायिले, त्याच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, आणि आज बहुतेकांच्या कानांत गीतरामायण म्हणजे बाबूजींचाच आवाज आहे. ते संगीतकार होते, गाणी त्यांचीच होती, हे खरे. तरी ज्या गीतांना आकाशवाणीवर आधी दुसऱ्या कोणाचा आवाज लाभला होता, त्यांच्यापुरता बाबूजींचा आवाज हा नंतर आलेला आवाज होता. नंतर आलेल्या आवाजाने आधीचा आवाज विस्मृतीत ढकलला, म्हणून कोणी तक्रार केली नाही. तेव्हा ‘पहिला तोच खरा’ हा नियम आपण समजतो तितका अढळ नाही.

मात्र उसनवारीची दुसरी, कमी उजळ बाजूही आमच्या पिढीने पाहिली आहे. १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली आणि मूळ ध्वनिमुद्रिकांचे हक्क ज्यांच्याकडे नव्हते, अशा कंपन्यांनी जुनीच गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेऊन ती निम्म्या किमतीत बाजारात आणली. रफींसारखे गाणारे, किशोरकुमारांसारखे गाणारे, लताबाईंसारखे गाणारे असे तरुण शोधले जाऊ लागले. सोनू निगम, कुमार सानू यांच्यासारखे पुढे नावारूपाला आलेले गायकही त्या वाटेने चालले. त्या कॅसेटी आम्ही सेमिनरीत असताना उत्साहाने ऐकल्या आहेत. त्यांत गोडवा होता, मेहनत होती, पण एका गोष्टीची उणीव होती. त्या गायकाला स्वतःला काही म्हणायचे आहे, असे कधी जाणवत नसे. ‘मूळ गाणे परवडत नसेल तर हे घ्या’ एवढाच त्या गाण्याचा अर्थ होता.

राहुल देशपांडे यांचे गाणे या कॅसेटींच्या रांगेत बसत नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. जुन्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटेच मावत. रंगभूमीवर ‘वन्स मोअर’ घेत घेत पाऊण तास रंगणारे पद तबकडीसाठी आवळून, छाटून गावे लागे. चित्रपटातले गाणेही त्याच मापाने शिवले गेले. आपल्या कानांना ही मापेच इतकी सवयीची झाली, की तेच त्या गाण्याचे नैसर्गिक रूप वाटू लागले. राहुल काय करतात? ते त्या आवळलेल्या गाण्याच्या गाठी सोडतात. मुखडा येण्याआधी आलापीने वातावरण तयार करतात. एखादी ओळ पुन्हापुन्हा वेगळ्या वाटेने घेतात. ज्या जागेवरून मूळ गायकाला वेळेअभावी पुढे सरकावे लागले, तिथे ते बसकण मारतात आणि ‘इथे अजून किती काही होते पाहा’ असे जणू दाखवून देतात. हे अनुकरण नव्हे, हे भाष्य आहे. आम्हां धर्मगुरूंना ही रीत परिचयाची वाटते. रविवारचे शुभवर्तमान दर तीन वर्षांनी तेच येते, शब्द एकही बदलत नाही. प्रवचनाने त्याच शब्दांतली न उघडलेली एखादी खिडकी उघडायची असते. ती उघडली नाही तर तो दोष शुभवर्तमानाचा नसतो.

परंतु समीक्षकाने नुसती ओवाळणी करू नये. या गाण्यात आम्हांला खटकणाऱ्या जागाही आहेत. बैठकीच्या गायकाला विस्ताराचा मोह असतो, आणि प्रत्येक गाणे विस्तार मागत नाही. काही भावगीते अशी असतात की संगीतकाराने शब्दाच्या अंगाला बेतून चाल बसविलेली असते. त्यात एक हरकत वाढविली की शब्दाचा तोल जातो. ‘कानडा राजा पंढरीचा’ हे १९७० च्या ‘झाला महार पंढरीनाथ’ या चित्रपटातील गीत आठवावे. त्यात दोन गळे आहेत. एक सुधीर फडके यांचा, शब्दाला जपत सरळ चालणारा. दुसरा वसंतरावांचा, मोकळा फिरणारा. त्या गीताची सारी गंमत या दोघांच्या एकमेकांना सांभाळून घेण्यात आहे. फिरणारा गळा कितीही फिरला तरी सरळ चालणारा गळा त्याला घरी आणतो. आजच्या एकल गायनात हा दुसरा आवाज नसतो. मग संयम गायकाला स्वतःच आणावा लागतो. राहुल तो पुष्कळदा आणतात, कधीकधी आणत नाहीत. जिथे सरगमेची आतषबाजी सुरू होते, तिथे मोबाइलवर ऐकणारा रसिक हमखास खूश होतो, पण कवीचा शब्द खोलीच्या कोपऱ्यात उभा राहून आपली पाळी कधी येते याची वाट पाहतो, असे आम्हांला वाटते.

‘कट्यार’ या नाटकाने हाच वाद आपल्यापुढे फार सुंदर रीतीने मांडलेला आहे. ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद त्यात दोन निरनिराळ्या चालींत येते. पंडितजींच्या गायकीत ते संथ आहे, खाँसाहेबांच्या गायकीत ते द्रुत आणि लखलखीत आहे. शब्द तेच, कवी तोच, संगीतकारही तोच. तरी दोन माणसे, दोन स्वभाव, दोन जगे उभी राहतात. कोणते खरे? नाटककार न्यायनिवाडा करीत नाही. दोन्ही खरी, कारण दोन्हींच्या मागे एकेक जगणे आहे. आणि त्याच नाटकात सदाशिव हा तरुण वैऱ्याच्या घरी नोकर म्हणून राहून त्याची गायकी चोरून ऐकतो. विद्या कुलुपात ठेवायची की वाटून टाकायची, हा त्या नाटकाचा गाभ्याचा प्रश्न. आज सगळ्या गायक्या सगळ्यांच्या खिशात आहेत. सदाशिवाला आता वेषांतर करावे लागत नाही. मग ऐकण्याची ती तहान उरली आहे काय, एवढेच विचारावेसे वाटते.

आता एका अशा विषयाकडे वळतो, जो आपल्या समाजाच्या जिव्हाळ्याचा आहे, पण ज्याविषयी आपणच फारसे बोलत नाही.

राहुल हिंदी चित्रपटांतील एखादे जुने गाणे मोजक्या साथीवर गातात तेव्हा आवाज मोकळा होतो, शब्द जवळ येतात, हे खरे. पण त्याच वेळी त्या गाण्याचा एक मोठा भाग गळून पडतो. तो म्हणजे दोन कडव्यांमधले वाद्यसंगीत, सुरुवातीचा व्हायोलिनांचा ताफा, गायकाच्या ओळीमागून हळूच उमटणारा उत्तरादाखल सूर. हा भाग कोणी रचला? तबकडीवर संगीतकाराचे नाव असे, गायकाचे असे, पुढेपुढे गीतकाराचेही असे. वाद्यमेळ रचणाऱ्याचे नाव बहुधा नसे. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या कितीतरी गाण्यांचा वाद्यमेळ सबॅस्टियन डिसोझा यांनी बांधला. सी. रामचंद्र यांच्या १९५१ च्या ‘अलबेला’मधील उसळत्या गाण्यांच्या पाठीशी ‘चिक चॉकलेट’ या नावाने ओळखले जाणारे अंतोनियो झेवियर वाझ आणि त्यांचा ट्रम्पेट होता. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी व्हायोलिन वाजविले, वाद्यमेळ रचले, १९५८ साली भारतीय आणि पाश्चात्त्य वादकांना एकत्र आणणारा सिंफनी वाद्यवृंद उभारला आणि प्यारेलाल यांच्यासारखे शिष्य घडविले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधील ते नाव म्हणजे शिष्याने गुरूला केलेला नमस्कार होय. गाणे साऱ्या देशाने म्हटले. गुरू कोण हे किती जणांना ठाऊक होते?

ही सारी गोव्याची ख्रिस्ती माणसे. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या पिढीने स्वरलिपी गिरविली ती गावच्या चर्चला जोडलेल्या शाळेत, मिस्सेत आणि सणाच्या लादिनीत वाजविता यावे म्हणून. तेथून ती मुंबईला आली आणि तिने हिंदुस्थानी रागांना व्हायोलिनांचे पंख दिले. जुन्या गाण्यांच्या प्रेमात पडलेला आजचा रसिक ज्या हुरहुरीसाठी त्या गाण्यांकडे परततो, तिच्यात या अनाम वादकांचा वाटा मोठा आहे. म्हणून आमची जुनी गाणी गाणाऱ्या सर्वच नव्या गायकांना एक नम्र सूचना आहे. गाण्यापूर्वी कवीचे, संगीतकाराचे आणि पहिल्या गायकाचे नाव घ्यावे, आणि ठाऊक असेल तेथे वाद्यमेळ रचणाऱ्याचेही घ्यावे. जुन्या नाटकाच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर ‘चाल’ लिहिण्याइतके हे सोपे आहे.

कायदाही याहून वेगळे सांगत नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात २०१२ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार एखादे गाणे पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झाल्यावर पाच वर्षांनी दुसऱ्याला त्याची नवी आवृत्ती काढता येते. मात्र आधी सूचना द्यावी लागते, किमान ५०,००० प्रतींचे मानधन आगाऊ भरावे लागते, ही नवी आवृत्ती आहे असे वेष्टनावर स्पष्ट लिहावे लागते आणि पूर्वीच्या गायकाचे नाव वा छायाचित्र वापरून ग्राहकाची दिशाभूल करता येत नाही. हे कलम तबकड्या आणि कॅसेटींचे जग डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले आहे. पण त्यातला नैतिक आशय कोणत्याही माध्यमाला लागू पडतो: घ्या, पण सांगून घ्या, आणि ज्याचे घेतले त्याचा वाटा त्याला पोहोचू द्या.

श्रोत्यांनाही आपली बाजू तपासावी लागेल. बालगंधर्व रंगमंदिरातल्या कार्यक्रमाचे तिकीट काढताना आपण गायकाच्या कष्टाला काही मोल देतो. मोबाइलवर मात्र सारे फुकट असते, आणि फुकट मिळालेल्या गोष्टीविषयी माणूस फार लवकर हक्काने बोलू लागतो. ‘आजोबांची सर नाही’ असे म्हणायला आपल्याला एक क्षण पुरतो. कोणतीही कंपनी पाठीशी नसताना स्वतःच्या बळावर गाणारे, राहुल देशपांडे यांच्याइतके नाव नसलेले कितीतरी तरुण गायक पुण्यात आहेत. ते स्वतःच वादक जमवितात, स्वतःच ध्वनिमुद्रण करतात, आणि आपण जेवता जेवता त्यांना ऐकून पुढे सरकतो. त्यांच्या प्रत्यक्ष कार्यक्रमाला कुटुंबासह जाणे, ही त्यांना देता येण्यासारखी सर्वांत मोठी दाद आहे.

इथे एक कबुली दिल्यावाचून हा लेख पुरा करणे आम्हांला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आमच्या तेव्हाच्या धर्मग्रामात नाताळच्या कार्यक्रमात सतरा-अठरा वर्षांच्या एका मुलाने एक जुने मराठी भक्तिगीत गायिले. एका थोर गायकाची त्याने हुबेहूब नक्कल केली होती. श्वास घेण्याच्या जागासुद्धा त्याच. समारोपाच्या भाषणात आम्ही हसत हसत म्हणालो, "नक्कल उत्तम झाली, आता बाळा, स्वतःचं काही गा." सभागृह हसले. आम्हांला वाटले, आपण मार्मिक बोललो. त्यानंतर तो मुलगा गायकवृंदात आला नाही. आम्ही दोनदा निरोप पाठविले, मग आमची बदली झाली आणि विषय मागे पडला.

गेल्या वर्षी एका लग्नात तो भेटला. आता तो हिंजवडीला नोकरी करतो, एका मुलीचा बाप आहे. आम्ही स्वतःहून तो प्रसंग काढला. तो अवघडून हसला आणि म्हणाला, "फादर, तुमचं बरोबरच होतं. मी नक्कलच करत होतो. पण मला दुसरं काही येत नव्हतं ना तेव्हा. शिकवणारं कोणी नव्हतं, घरी एक कॅसेट होती. तिच्याबरोबर गाऊन गाऊनच शिकत होतो."

या साध्या उत्तराने आमची सारी संगीतसमीक्षा जमिनीवर आणली. राहुल देशपांडे यांनीही आजोबांचा स्वर मुद्रणांतूनच गोळा केला. वसंतरावांच्या गळ्यावर मास्टर दीनानाथांचा ठसा होता, हे जाणकार सांगतात. प्रत्येक गायक आधी कोणाचा तरी पडसाद असतो. फरक एवढाच, की कोणाला पडसादातून स्वतःच्या सुरापर्यंत पोहोचण्याइतका वेळ, गुरू आणि प्रेमाचे दोन शब्द मिळतात, आणि कोणाला भरसभेत एक विनोद मिळतो. नक्कल हा शिकण्याचा शेवट असेल तर तो दोष होय. ती शिकण्याची सुरुवात असेल तर तिला जपले पाहिजे. समोरचा मुलगा प्रवासाच्या कोणत्या टप्प्यावर आहे, हे विचारण्याची तसदी आम्ही त्या रात्री घेतली नाही. आम्ही त्याची क्षमा मागितली. येत्या पास्काच्या जागरणविधीत गायकवृंदाबरोबर उभा राहशील का, असेही विचारले. "बघतो, फादर," एवढेच तो म्हणाला.

पुढच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही पुन्हा त्या शिक्षिकाबाईंकडे गेलो. मोबाइलवर तेच नाट्यपद चालू होते. या वेळी आम्ही मुद्दामच विचारले, "बाई, खरंच अगदी वसंतरावांसारखं वाटतं का हो तुम्हांला?" बाईंनी डोळे मिटून पुन्हा एकदा ती ओळ ऐकली. मग स्वतःच्या थरथरत्या आवाजात ती ओळ आधी एका तऱ्हेने गुणगुणल्या, नंतर दुसऱ्या. "नाही हो, फादर. वसंतराव इथे झपकन वर जायचे. हा थांबतो, मग जातो." थोडा विचार करून त्या पुढे म्हणाल्या, "पण याचं थांबणंही चांगलं आहे."

आमच्या मते याहून चांगली दाद नाही. ‘अगदी तसेच’ असे म्हणणारा रसिक अर्धेच ऐकतो. ‘हा इथे थांबतो’ हे ज्याला ऐकू येते, त्याने जुन्या गायकालाही मान दिला आणि नव्यालाही. आणि बाईंनी ते सांगण्यासाठी स्वतः गाऊन दाखविले, हे आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते. दोन वर्षांत त्या घरात मोबाइलखेरीज कोणी गायिले नव्हते.

वाचकहो, जुनी गाणी अवश्य ऐका. नव्या कंठातून ऐका, जुन्या तबकडीतून ऐका, दोन्ही शेजारी ठेवून ऐका आणि मुलांना त्यांतला फरक शोधायला लावा. पण ऐकून झाल्यावर कधीतरी यंत्र बंद करा आणि घरात एखादी ओळ स्वतः म्हणा. बेसूर झाली तरी चालेल. आणि आपल्या घरातला, आपल्या चर्चमधला एखादा मुलगा कोणाची तरी नक्कल करीत गात असेल, तर त्याला हसू नका. त्याला पुढच्या रविवारीही गायला सांगा.